जागा सतरा हजार, अर्ज सतरा लाख : आपल्या तरुणांनी टिकायचे कसे?

२०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांच्या वर. एका जागेमागे शंभर. त्याआधी २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. सामाजिक न्यायाची किंमत शंभर रुपये! शेतमजुराच्या घरातल्या पोराने असे चार फॉर्म भरायचे म्हटले तर ३,६०० रुपये गेले, प्रवास आणि मुक्काम वेगळाच.

एवढे करून निवड झाली नाही की घरीदारी एकच वाक्य ऐकू येते, मेहनत कमी पडली. शंभरही जणांनी दुप्पट मेहनत केली तरी नव्याण्णव बाहेरच राहणार, हे साधे गणित आपण आपल्याच मुलांना सांगत नाही. दुःखाला कारण असते, हे तथागतांनी शिकवले. कारण चुकीचे धरले तर उपायही चुकतो. जागाच नसण्याचे खापर मुलगा स्वतःच्या डोक्यावर फोडतो, तेव्हा तो आतून खचतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती ३.४ टक्के. याचा अर्थ शिक्षण वाया जाते असा कोणी काढू नये. ज्याला अक्षरओळख नाही त्याला रिकामे बसणे परवडतच नाही, तो मिळेल ते काम धरतो. पण बाबासाहेबांच्या शब्दावर सगळी भिस्त शिक्षणावर ठेवलेल्या आपल्या समाजाला हा आकडा इतरांपेक्षा जास्त बोचतो.

खासगी क्षेत्रात जा, असे सांगणारेही भेटतात. जरूर जावे, पण डोळे उघडे ठेवून. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले, फक्त नावे बदलली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची तर एक-तृतीयांश. मुलाखतीपर्यंत जाण्याआधीच आडनाव बोलून मोकळे होते.

सरकारी बाजूला कंत्राटीकरण आहेच. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ एजन्सींमार्फत पदे भरण्याची वाट खुली केली होती. तरुण रस्त्यावर उतरले, विरोध वाढला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द झाल्याची घोषणा करावी लागली. निर्णय गेला, कंत्राटी पद्धत गेलेली नाही. एजन्सीने माणूस पुरवला की बिंदुनामावलीचा हिशेबच उरत नाही, आपला घटनात्मक वाटा तिथे गुपचूप गळतो.

बाबासाहेबांचे १९१७ ते १९१८ हे वर्ष आपण भाषणात फार घेत नाही. कोलंबियाचे शिक्षण, बडोदा संस्थानची नोकरी, आणि राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून हुसकावले गेल्यावर ते मुंबईला परतले. मग शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, जात कळल्यावर गिऱ्हाईक तुटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. मधल्या काळात शिकवणी घेणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. आपल्या मुलाने अभ्यासिकेत बसता बसता चार तास दुकानात काम केले तर मात्र पाहुण्यांत कुजबुज होते.

राज्यसेवेसाठी मागासवर्गीयांना वयोमर्यादा ४३ आहे. सवलत हक्काची आहे, ती गेली नाही पाहिजे. पण ४३ पर्यंत वाट पाहावी असा तिचा अर्थ नाही. किती प्रयत्न, किती वर्षे, हे सुरुवातीलाच घरच्यांसमोर बसून ठरवावे. सोबत कमाईचे एक काम धरावे, मग ते डेटा एन्ट्री असो, शिकवणी असो की वायरमनचे. सलग सहा वर्षे नुसता अभ्यास करणाऱ्याला पुढे खासगी मुलाखतीत त्या सहा वर्षांचा जाब द्यावा लागतो, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

उरलेले काम समाजाचे. विहारात वंदना होते, जयंतीची वर्गणी जमते. त्याच सभागृहात रविवारी दोन तास अर्ज भरून देणे, मुलाखतीचा सराव, कुठली कंपनी कोणाला घेते याची देवाणघेवाण होऊ शकते. नोकरीला लागलेल्यांनी तिथे यावे, नुसती वर्गणी पाठवून सुटू नये. आणि आपल्या जिल्हा परिषदेत, महापालिकेत अनुसूचित जातीच्या १३ टक्क्यांपैकी किती पदे रिक्त आहेत, किती कंत्राटदारामार्फत भरली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. एका तालुक्यातून पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या कार्यालयांत असे अर्ज टाकले, तर पुढच्या मोर्च्याच्या निवेदनात घोषणांबरोबर रिक्त पदांचे आकडेही देता येतील.