विश्लेषण : ट्रॅक्टर विकला, पुढे काय?

ट्रॅक्टर आणि बहुतेक शेती अवजारांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि ठरावीक सुटे भाग १८ वरून थेट ५ टक्क्यांवर आले. शेतकऱ्याचे किती हजार वाचणार, याचे हिशेब तेव्हा भरपूर मांडले गेले. तालुक्याच्या गावी ही यंत्रे विकणारा विक्रेता मात्र त्या चर्चेत नव्हता.

विक्रेत्याचा धंदा चालतो कशावर?

नव्या ट्रॅक्टरवरची कमाई एकदाच होते आणि शेजारच्या दुकानापेक्षा जास्त सूट देण्याच्या नादात तीही झिजते. खरा धंदा त्यानंतरचा : ऑइल, फिल्टर, रोटाव्हेटरची पाती, दुरुस्ती. वाफसा आला की पेरणीची घात मोजक्या दिवसांची असते. त्यातच पेरणी यंत्राची साखळी तुटली आणि मिस्त्री चार दिवसांनी आला, तर ते यंत्र असून नसल्यासारखे. गावात दुकानाचे नाव होते ते अशा दिवसांत. मोठे फलक, झेंडूच्या माळा घालून चावी देतानाचे फोटो हे सगळे ठीक; पण मागच्या खोलीत सुटे भाग नसतील तर तोच ग्राहक दुसरा ट्रॅक्टर दुसरीकडे घेतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याला कारखानदार म्हणून आठवतात. त्याआधी ते विक्रेते होते. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान सुरू केले. त्यांचे बंधू रामुअण्णा १५ रुपये घेऊन सायकल चालवायला शिकवत. पुढे लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिला नांगर विकायलाच दोन वर्षे गेली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर. वस्तू वापरायला शिकवणे हा विक्रीचाच भाग आहे, हे त्या दुकानाला तेव्हा कळले होते. आज कित्येक ठिकाणी नवे यंत्र जुळवून दाखवायलाही कोणी बांधावर जात नाही.

अनुदानाचा भार कोणावर?

कृषी यांत्रिकीकरण योजनेत अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. प्रत्येक यंत्राला कमाल मर्यादा आहे. महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी आणि मग खात्यात पैसे, असा प्रवास. थेट खात्यात पैसे जाण्याने मधले गैरप्रकार कमी होतात, त्यामुळे ती पद्धत मोडावी असे कोणी म्हणणार नाही. पण आधी पूर्ण किंमत भरायची असल्याने ज्याच्यासाठी ५० टक्के ठेवले, तोच अडतो. मग तो विक्रेत्याला म्हणतो, ‘अनुदान आलं की देतो.’ ओळखीपाळखीचा माणूस, नाही कसे म्हणणार?

कंपनीचे पैसे मात्र ठरल्या दिवशी द्यावे लागतात. साठ्यावरच्या कर्जाचे व्याजही थांबत नाही. म्हणजे सरकारी दिरंगाईची किंमत दुकानाच्या उधारीच्या वहीत जाते. भांडवल मोठे असलेला विक्रेता हे सोसतो. छोटा उधारी बंद करतो किंवा किंमत वाढवून ती आधीच वसूल करून घेतो. दोन्हीकडे तोटा शेतकऱ्याचाच.

उपाय फार अवघड नाहीत. मोका तपासणी आणि त्यानंतरचे पैसे यांना दिवसांची मुदत हवी आणि ती चुकली तर शेतकऱ्याला व्याज. विक्रेत्यांनाही मोकळे सोडू नये : अनुदानाचे यंत्र विकायचे तर त्याच तालुक्यात मिस्त्री आणि सुटे भाग ठेवण्याची अट असावी. नाहीतर अनुदान आहे तोवर दुकान, संपले की शटर खाली. निवडीच्या याद्या सरकार जाहीर करतेच. त्याच यादीत प्रत्येक नावापुढे बिल कधी अपलोड झाले आणि पैसे कधी जमा झाले, या दोन तारखाही छापाव्यात.