नवी गाडी, चार दिवस, पाच देश!



म्युनिकला असलेल्या लेकाने नवी गाडी घेतली. आम्ही दोघं खांदा कॉलनीतून जाणार म्हणून त्याने बेत कळवला: साल्झबर्ग, व्हेनिस, मिलान, झुरिक, स्ट्रासबर्ग आणि परत. चार दिवसांत सुमारे 1700 किलोमीटर!

मी कॉमर्सवाली, हिशेब मांडला. रोज सव्वाचारशे किलोमीटर म्हणजे पाच-सहा तास गाडीतच. स्वित्झर्लंडच्या महामार्गांचा 40 फ्रँकचा पास वर्षभराचाच मिळतो. आम्ही तिथे जेमतेम एक दिवस! आणि शेंगेन देशांच्या आपसातल्या सीमांवर पासपोर्टवर शिक्काही बसत नाही. मग देश मोजून मिरवायचे तरी कशावर?

"आई, गाडी आहे तर फिरून घेऊ ना," म्हणतो. माझं भांडण इथेच आहे. गाडी आली म्हणून हावही वाढवायची? आपल्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे: कुठल्या दिशेला किती जायचं, ते आधीच ठरवायचं. देशव्रत ती मर्यादा ठरावीक काळापुरती आणखी आवळतं. कुणी जुनाट म्हणो, प्रवास आखायला याहून शहाणा नियम मला ठाऊक नाही.

मी मर्यादा घातली: साल्झबर्गच्या पुढे नाही. तीन रात्री तिथेच, सूर्यास्तापूर्वी जेवण, अंधारात गाडी नाही. सीमेपासून साल्झबर्गपर्यंत महामार्गाचा पासही लागत नाही!

लेक रुसलाय. रुसू दे. डोंगर बघायचा तर आधी गाडीतून उतरावं लागतं.