सुटकेनंतरचे तीन महिने

तुरुंगातून सुटून आलेल्याला काम कोण देणार? न्यूयॉर्कमधील ‘सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटीज’ ही संस्था ते स्वतःच देते. थोडे दिवस शिकवणी, मग टोळीबरोबर इमारतींची साफसफाई आणि देखभाल. आठवड्यातले चार दिवस काम, पाचव्या दिवशी कायमच्या नोकरीची शोधाशोध. दिवसाची मजुरी त्याच दिवशी हाती. आम्हाला हेच मोलाचे वाटते. रिकाम्या खिशाने घरात पाऊल टाकणाऱ्याला पहिला आठवडाच किती जड जातो, हे आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको.

2004 पासून 977 जणांची पाहणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून काहींना हे काम दिले, बाकीच्यांना नोकरी शोधायला थोडी मदत. वर्षभरातच नोकरीच्या बाबतीत दोन्ही गट सारखे झाले. ते वाचून आम्ही हिरमुसलो होतो. पण तीन वर्षांत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण काम मिळालेल्यांत कमी राहिले. सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आत आलेल्यांत हा फरक सर्वांत ठळक होता, उशिरा आलेल्यांत फारसा नव्हता. मग सुटकेच्या कागदाबरोबरच अशा कामाचा पत्ता का देऊ नये?