हीटर ही चैन नव्हे

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि रक्तात गुठळी होण्याची शक्यताही वाढते. म्हणून हिवाळ्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचे रुग्ण वाढतात. घरात किमान १८ अंश सेल्सिअस तापमान असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तरीही २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने पेन्शनरांना घर गरम ठेवण्यासाठी मिळणारे २०० ते ३०० पौंड बहुतेकांचे बंद केले. ठरावीक सरकारी मदत घेणाऱ्यांनाच ते मिळाले. पात्र असूनही त्या मदतीसाठी अर्ज न केलेले गरीब वृद्ध वगळले गेले. २०२५ मध्ये निर्णय बराचसा मागे घेतला, पण एक हिवाळा गेलाच. रक्तदाबाची गोळी आपण अशी मध्येच बंद करतो का? वृद्धांसाठी उबदार खोली तितकीच गरजेची आहे.