तांडेलाचं ‘नाही’

जून-जुलैमध्ये कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेलात, तर बोटी वर ओढलेल्या दिसतात. अंगावर ताडपत्री, बाजूला जाळी विणत बसलेली माणसं, मागे बधवार पार्कच्या इमारती. १ जून ते ३१ जुलै राज्यात मासेमारीला बंदी असते. कायदा सरकारचा असला, तरी पावसाळी दर्यात होडी घालायची नाही आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावरच बाहेर पडायचं, हा रिवाज कायद्याच्या कितीतरी आधीचा. नेमक्या याच दिवसांत गिरगाव, परळ, लालबागची पोरं शनिवारी रात्री टेम्पो ट्रॅव्हलर भरून पवना नाहीतर मुळशीच्या पाण्याकडे निघतात. गटारीही बहुतेक वर्षी याच सुमारास येते. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर काढलेले लोक काठावर थांबलेले, आणि ज्यांनी कधी वल्हं धरलं नाही ते बाटली घेऊन होडीत.

या स्तंभात एरवी मासळी, जेट्टी, भराव असले विषय येतात. आजचा विषय त्यांच्याच शेजारचा आहे.

९ जुलै २०१७, रविवार. नागपूरजवळच्या वेणा जलाशयात अकरा जणांची होडी उलटली. मोबाइलवरून फेसबुकवर थेट चित्रण चाललं होतं. आठ जण गेले, बहुतेक तरणे. त्याच वर्षी नोव्हेंबरात, आपल्या मुंबईतच, पवई तलावात रात्रीच्या पार्टीला गेलेल्यांची होडी बुडाली आणि तिघे गेले. पुढच्या जानेवारीत, १३ तारखेला, डहाणूच्या समुद्रात चाळीसेक विद्यार्थ्यांची बोट उलटली आणि तीन मुली बुडाल्या. या सगळ्यांत दारू होती असं मी म्हणत नाही. डहाणूची मुलं तर कॉलेजची, दिवसाढवळ्या गेलेली. सगळीकडे दिसते ती सहलीची धुंदी. सगळे एका बाजूला सरकले, उभे राहिले, आणि होडीने आपला तोल सोडला. दारू याहून वेगळं काही करत नाही. हेच करायला माणसाला लवकर तयार करते.

मच्छीमार नगरातल्या एका वयस्क तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, मी विचारलं, प्यायलेला माणूस बोटीत ओळखायचा कसा? तो म्हणाला, ‘वासाने नाही. तो बसत नाही. बसवला तरी पुन्हा उभा राहतो.’ बोटीच्या धोक्याचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पत्रकात वाचलेलं नाही. लहान होडीचा तोल बसलेल्या माणसांवर बेतलेला असतो. एक जण उभा राहिला तर वजन वर जातं, तिघे उभे राहून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटोला एका कडेला आले, की लाटेचीही गरज उरत नाही.

कोळीवाड्यात दारू नाही असं कुणी म्हणणार नाही, तो तांडेलही म्हणाला नाही. पण धंद्यावर निघालेल्या बोटीत पिऊन आलेल्या खलाशाला तांडेल धक्क्यावर ठेवून जाऊ शकतो. सहलीच्या बोटीवर गिऱ्हाइकाला तो ठेवू शकत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजून आलेलं असतं, चार मित्र बरोबर असतात, आणि नाही म्हटलं तर शेजारची बोट हो म्हणते.

पाण्यात पडल्यावर दारू काय करते, हे पोरांना कुणी सांगत नाही. कानाच्या आतला भाग शरीराचा तोल सांभाळतो. दारूने तो चकवला जातो. रात्री, गढूळ पाण्यात, वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. श्वास रोखून धरायचं भान जातं, उलटी होते, ती घशात अडकते. ‘मला पोहता येतं’ हे वाक्य इथे फारसं कामाचं नाही. दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात शिकलेलं पोहणं चांगलंच. पण तिथे तळाच्या फरश्या दिसतात, कठडा हाताशी असतो आणि जीवरक्षक शिट्टी मारतो. धरणाच्या पाण्यात बुडालेली झाडं असतात, गाळ असतो, काठापासून चार पावलांवर तळ एकदम खोल जातो.

अमेरिकेचं तटरक्षक दल दरवर्षी बोट-अपघातांचा हिशेब छापतं. २०२३च्या हिशेबात जीवघेण्या अपघातांमागचं, कारण कळलेल्या प्रकरणांतलं, सर्वांत मोठं कारण दारू होतं. मेलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बुडून मेले, आणि त्या बुडालेल्यांतल्या ८७ टक्क्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. आपल्याकडे जॅकेट असतं, पण ते सीटखाली गाठोडं करून कोंबलेलं, नाहीतर ओल्या फळीवर बसायला घेतलेलं. घामट वास येतो, फोटोत वाईट दिसतं. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जीव गेले. दोष प्रवाशांचा काडीचा नव्हता. पण ८४ प्रवासी आणि ६ खलाशी एवढीच परवानगी असलेल्या बोटीवर शंभराच्या वर माणसं होती, आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. जॅकेटची सक्ती त्यानंतर आली. सक्ती धक्क्यावर दिसते. बोट सुटून दहा मिनिटं झाली की जॅकेटांच्या गाठी सुटू लागतात.

रस्त्यावर शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गाडी चालवणाऱ्यावर खटला होतो. वाहतूक पोलीस नाक्यावर यंत्रात फुंकायला लावतात आणि मुंबईकर त्याला खरोखर भितात. ३१ डिसेंबरला कितीतरी घरांतली गाडी त्या भीतीने जागची हलत नाही. पाण्यावर तो नाका कुठे आहे? समुद्रातली प्रवासी बोट महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे, बहुतेक धरणं जलसंपदा विभागाकडे, पवई तलाव महापालिकेकडे. तिघांनाही विचारा, दारू कोण तपासतं? उत्तरादाखल एक फलक दाखवतील. शिवाय पाण्यावर नुसता चालवणारा शुद्धीत असून भागत नाही. मोटारीत मागे बसलेला पिऊन झोपला तर गाडी उलटत नाही. होडीत प्रवाशाचं वजन हाही तिच्या तोलाचाच भाग.

नव्या कायद्याची वाट पाहायला नको. अधिकार ज्याला कळतं त्याच्या हाती द्यावा. २००८च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री याच मच्छीमार नगराच्या किनाऱ्यावर रबरी होडीतून अनोळखी तरुण उतरले, तेव्हा त्यांना ‘कोण तुम्ही?’ असं पहिल्यांदा विचारलं ते कोळ्यांनी. त्यानंतर कोळ्यांना ओळखपत्रं मिळाली, बोटींच्या नोंदण्या कडक झाल्या, कवायती सुरू झाल्या. पाण्यावर काय बिनसतंय हे यांना आधी कळतं, एवढं सरकारने तेव्हा मान्य केलं. मग प्रवासी बोटीच्या तांडेलाला ‘तू चढू नकोस’ म्हणण्याचा लेखी अधिकार का नसावा? त्याने उतरवलेल्या माणसाच्या भाड्याचा वाद बोर्डाने निस्तरावा, आणि एकाने नाकारलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याने घेतलं तर दुसऱ्याचा परवाना थांबवावा. ही शेवटची अट नसेल तर पहिल्या दोन्ही कागदावर राहतील.

धरणांवर हे कठीण आहे, मान्य. तिथे बोटवाल्याकडे परवाना आहे की नाही इथूनच सुरुवात. म्हणून गेटवेपासून सुरू करा. येत्या ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी मेरिटाइम बोर्डाने आणि मुंबई पोलिसांनी धक्क्यावर फुंकायचं एक यंत्र आणि दोन हवालदार उभे करावेत, भाड्याच्या यॉटवर चढणाऱ्यांनाही त्यातून सवलत देऊ नये. आणि पोरांनो, तांडेल उतर म्हणाला तर हुज्जत न घालता उतरा.