बशी सुलटी करून पाहा

जुनी इंग्रजी भांडी जमवणारा माणूस हातात बशी आली की आधी ती उलटी करतो. मागे शिक्का असतो. स्टॅफर्डशायरच्या एखाद्या कारखान्याचं नाव, वर मुकुट किंवा सिंह. पतंगाच्या आकाराची खूण दिसली तर नमुन्याची नोंदणी 1842 ते 1883 या काळातली. ‘इंग्लंड’ असं छापलेलं असेल तर माल बहुधा 1891 नंतरचा, कारण अमेरिकेने तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ही माहिती मलाही आवडते. माझं भांडण आहे ते बशी पुन्हा सुलटी न करणाऱ्यांशी. तिच्यात कोण जेवलं, आणि कुणाला मुद्दाम तिच्यातच वाढलं गेलं, हे ते विचारत नाहीत.

चंद्रपूर-वरोऱ्याकडचे असे दोन-चार शौकीन माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचे दलाल माल शोधायला आमच्या मोहल्ल्यात येतात. इथेच का येतात, याचा विचार त्यांनी केलेला नाही, म्हणून मी सांगतो.

1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेलं. तिकडे सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं झालं, ग्लासफर्डसारखे डेप्युटी कमिशनर प्राणहितेच्या काठावर राहिले. साहेबाची बदली झाली की सामानाचा लिलाव करून जायचं, ही त्या काळची रीतच होती. टेबलावर वाढणारा खानसामा आणि आतला बावर्ची बहुतेक वेळा मुसलमान, कारण साहेबाच्या ताटातल्या मांसाला हात लावायला सवर्ण नोकर तयार नसे. टवका उडालेले, जोड फुटलेले नग अशा घरांत गेले. शिवाय सोन्याचांदीच्या भांड्यात खाण्यापिण्याची हदीसमध्ये मनाई आहे, त्यामुळे चिनी मातीची रकाबी ही मुसलमानाच्या दस्तरखानाची शोभा आधीपासूनच होती.

आणि शेजारच्या आळीत? पितळ राखेने घासलं की शुद्ध, माती मात्र एकदा बाटली की बाटली, असा हिशेब. कपबशी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जात नसे. ती ओसरीच्या कोनाड्यात उपडी पडलेली असे, आमच्यासारख्यांसाठी किंवा दलित गड्यासाठी. चहा पिऊन झाला की ज्याची त्याने विसळून ठेवायची.

हे मी किस्से म्हणून सांगत नाही. 14 ऑक्टोबर 1890 ला पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर बडी मंडळी जमली. पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. गोपाळराव जोशींनी नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला घेतलेलं प्रायश्चित्त पुढे केलं, रानड्यांनीही नंतर प्रायश्चित्त घेतलं. एका चहापायी! आज त्या काळचा विलायती टी-सेट हाती लागला तर पुण्यातली कितीतरी घरं तो दिवाणखान्यात मांडतील आणि वर पिवळा दिवा लावतील.

बी.एड.ला असताना एका मित्राच्या घरी मलाही वेगळा कप मिळाला होता. बाकीच्यांना स्टीलचे पेले, मला सोनेरी रेघेचा, कान तुटलेला कप. मित्राच्या आईने तो फार प्रेमाने दिला, म्हणून मी काही बोललो नाही. आज तो कप बाजारात आला तर ‘सोनेरी काठ, किरकोळ दोष’ असं लिहून विकला जाईल.

आता बोन चायनाचं. हे काही नुसतं नाव नाही. त्या मातीत जवळजवळ अर्धा भाग हाडांची राख असते आणि ती हाडं गुराढोरांची असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पोडच्या कारखान्यात ही कृती पक्की झाली. 2015 च्या कायद्यानंतर आमच्या डब्यात काय आहे याची चौकशी करणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्यातल्या एकाच्या कपाटात बोन चायनाच्या बारा बश्या ओळीने उभ्या आहेत. माझी काही हरकत नाही. फिकहमध्ये याला इस्तिहाला म्हणतात: वस्तूचं रूप पूर्ण पालटलं की हुकूमही पालटतो. जी सवलत ते भट्टीत जळलेल्या हाडाला देतात, ती जिवंत शेजाऱ्याला का नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

बरं, ज्याला हे ‘अस्सल विलायती’ म्हणतात ते मुळात आहे काय? 1813 साली मेसनने ‘पेटंट आयर्नस्टोन चायना’ या नावाचं पेटंट घेतलं. मजबुतीसाठी लोखंड आणि प्रतिष्ठेसाठी चीन, दोन्ही नावातच घातले. निळ्या विलो नमुन्यावरचे पूल, झाड, दोन पाखरं ही चिनी चित्रांची इंग्रजी नक्कल, आणि पळून जाणाऱ्या प्रेमिकांची गोष्ट माल खपावा म्हणून नंतर चिकटवलेली. आपल्या उर्दू-मराठीने या भांड्यांना सरळ ‘चिनी’ म्हटलं, हे जास्त प्रामाणिक. आणि चंद्रपूरहून तासाभरात भद्रावती आहे. तिथे कृष्णमूर्ती मिरमिरांनी ग्रामोदय संघ उभा करून कुंभारकामाला नवी भट्टी, नवी झिलई दिली. तिथला मग घासाघीस करून घेणारा माणूस तडा गेलेल्या आयर्नस्टोनच्या डिशला मागेल ती किंमत देतो.

जमवू नका असं मी म्हणत नाही. पण कपाटात कारखान्याचं नाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी लावता ना, तिच्यावर आणखी एक ओळ लिहा: ही कोणत्या मोहल्ल्यातून, कोणत्या घरातून, किती रुपयांना आणली. त्या शेजारी आजीच्या कोनाड्यातला तो वेगळा कपही ठेवा. तो बहुतेकांच्या घरी असतोच, माळ्यावर पोत्यात शोधावा लागेल.

मोहल्ल्यातल्या बायकांना मी सांगतो, दलालाला दारात उभं करून आधी शिक्क्याचा फोटो काढा, मग भाव बोला. आमच्या घरातली निळ्या काठाची रकाबी दोनदा मागितली गेली. ती विकायची नाही. ईदला शीरखुर्मा तिच्यातच वाढला जातो, आणि त्या दिवशी ते शौकीन गृहस्थ आले तर त्यांनाही तिच्यातच देईन.