जोडीने येईल त्यालाच दार

वाचकहो, फराळाचे ताट समोर असताना मी जुलाबाचा विषय काढतो आहे, म्हणून रागावू नका. गोष्ट लेकरांच्या जिवाची आहे.

आमच्या वऱ्हाडात अजूनही एखादी आजी बजावते, "लेकराले पाणी देऊ नोको, अजून जुलाब होतीन." माया खरी, पण सल्ला जिवावर बेतणारा! जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. मग नुसते पाणी पाजून भागेल काय? नाही. त्याचे कारण आतड्याच्या पेशीच्या दाराशी आहे.

म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिले ते आमच्या याच रिद्धपुरात, आणि तेही मराठीत. तिथे बसून मी शास्त्र अवघड करून सांगणे शोभायचे नाही.

पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा पडदा असतो. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ. प्राणवायू त्यातून सहज आत जातो. मीठ आणि साखर यांना मात्र मज्जाव. त्यांच्यासाठी पडद्यात प्रथिनांची दारे असतात. आतड्यातले एक दार तर मोठे चोखंदळ! मिठातले सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले, तरच ते दोघांना आत घेते. आणि पाणी? लिंबाच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, ते तुम्ही पाहिलेच आहे. जिकडे मीठ, तिकडे पाणी. पेशीतही ते त्यांच्यामागून जाते.

रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० साली प्राग येथे मांडली. पुढे कळले की पटकीतसुद्धा हे दार चालूच राहते. १९७१ साली बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पाजायला लावले. शंभरांत तीसएक रोगी दगावत होते, ते प्रमाण चारांच्या खाली आले. २०२२ साली ते वारले. पद्मविभूषण मिळाले ते मरणोत्तर, २०२३ मध्ये.

दवाखान्यातली पुडी मिळाली तर उत्तमच. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. माप अंदाजाने नको. साखर जास्त झाली तर ती पाणी उलट आतड्यात ओढते. मीठ जास्त झाले तर तेही घातक. घोट घोट पाजत राहा. अंगावरचे दूध तोडू नका. मूल मलूल पडले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर तडक दवाखाना गाठा.

मीठ आणि साखर प्रत्येक घरात असते. त्यांची जोडी जमवणे तेवढे आपल्या हाती आहे.